कानानं शिकायचं विज्ञान: बोलणारा फोन अंध मुलांना काय देतो, काय देत नाही

विदर्भात शाळा बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, उन्हापायी. तोवर कोणत्या पोराला कोणते विषय द्यायचे याची चर्चा घरोघरी होऊन गेलेली असते. ज्या घरात मूल अंध आहे तिथे ही चर्चा फार लांबत नाही. "डोयानं दिसत नाही त्याले, सायन्स कायले देता गुरुजी? संगीत देऊन द्या." बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. शिवाय राज्य मंडळाच्या दहावीला दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी विज्ञानाऐवजी 'शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र व गृहशास्त्र' असा पर्याय आहे, गणितातही सवलत आहे. त्यामुळे विषय तिथेच मिटतो.

आणि त्याच तालुक्याच्या एसटी स्टँडवर एखादा अंध तरुण फोन कानाशी धरून भराभर बोट फिरवत असतो. फोन इतक्या वेगानं बोलतो की शेजारच्याला एक शब्द कळत नाही. त्याचं मात्र व्हॉट्सअ‍ॅप वाचून होतं, बँकेतले पैसे बघून होतात, कापसाचा भावही कळतो. मग साधा प्रश्न पडतो. जो फोन एवढं सगळं वाचून दाखवतो, त्याला नववीचं विज्ञान का वाचता येऊ नये?

वाचता येतं. पण विज्ञानात वाचण्यापलीकडचं बरंच असतं: सूत्रं, आकृत्या, आलेख, प्रयोग. या प्रत्येकाशी आवाजाचं जमतं ते वेगवेगळ्या तऱ्हेनं, आणि एका ठिकाणी मुळीच जमत नाही. ते एकेक करून बघू.

फोन बोलतो म्हणजे नेमकं काय होतं?

पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला स्क्रीन रीडर म्हणतात. अँड्रॉइड फोनमध्ये त्याचं नाव टॉकबॅक, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. दोन्ही २००९ सालापासून आहेत आणि फोनसोबतच येतात, वेगळे पैसे पडत नाहीत. संगणकासाठी एनव्हीडीए नावाचा फुकट स्क्रीन रीडर आहे. बोट पडद्यावर ज्या गोष्टीवर जाईल तिचं नाव फोन सांगतो. उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट, डावीकडे सरकवलं की मागची, दोनदा टिचकी मारली की ती उघडते. मराठी बोलणारा आवाज एकदा डाउनलोड करून ठेवला की त्याला नेट लागत नाही. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावांत ही गोष्ट फार कामाची आहे.

गोम एकच: फोनला अक्षरं लागतात, अक्षरांचं चित्र चालत नाही. पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून पीडीएफ केली तर टॉकबॅकला तिथे काहीच सापडत नाही. बऱ्याच मराठी पीडीएफ जुन्या फॉन्टमध्ये असतात, म्हणजे डोळ्याला मराठी दिसतं पण आत भलतीच इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात. तिथे फोन जे बरळतो ते ऐकून हसू येतं. शिक्षकानं युनिकोडमध्ये, म्हणजे आतही मराठीच अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत, टाइप केलेल्या दोन पानांच्या नोट्स म्हणूनच चकचकीत स्कॅनपेक्षा शंभर पटीनं उपयोगाच्या. छापील पानासमोर कॅमेरा धरून अक्षरं ओळखणारी अ‍ॅप आता बरी झाली आहेत. मात्र पान सरळ असेल, उजेड चांगला असेल आणि दोन रकाने एकमेकांत मिसळले नाहीत, तरच.

ऐकून शिकणं हे काही नवल नाही. अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे प्रज्ञाचक्षु गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टी गेलेले. १९१५ साली, पस्तिशीही गाठण्याआधी ते गेले, पण तोवर लोकांकडून ग्रंथ वाचून घेऊन त्यांनी शंभरावर ग्रंथ रचले, आणि त्यांत पाश्चात्त्य विज्ञानाचाही समाचार घेतला. त्यांना वाचून दाखवणारा माणूस जवळ असावा लागे. फोननं ती गरज काढून टाकली. रात्री अकरा वाजता एखादी व्याख्या सातव्यांदा ऐकायची असेल, तर कुणाची मिनतवारी करावी लागत नाही.

गुरुजींनी धडा रेकॉर्ड करून दिला, आता आणखी काय पाहिजे?

हा प्रश्न बहुतेक शाळांत येतो, कारण धडा वाचून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं सगळ्यांना जमतं आणि त्यात मनापासून केलेलं काम असतं. पण चाळीस मिनिटांची सलग ऑडिओ फाइल ऐकणारा हा रात्रीच्या एसटीत बसलेल्या नवख्या प्रवाशासारखा असतो. बाहेर अंधार, कंडक्टर गावाचं नाव पुकारत नाही, आपण नेर ओलांडलं की दारव्हा यायचं आहे, काही कळत नाही. डोळस मूल पुस्तकात ठळक मथळा बघून थेट 'न्यूटनचा तिसरा नियम' गाठतं. ऐकणाऱ्याला अंदाजानं फाइल मागेपुढे ओढावी लागते.

यावरचा जुना आणि चांगला उपाय म्हणजे डेझी. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघानं घडवलेला हा ध्वनिपुस्तकाचा साचा आहे. त्यात आवाजाला प्रकरण, उपशीर्षक, पान अशा खुणा जोडलेल्या असतात, त्यामुळे 'पान ४२' म्हटलं की तिथे जाता येतं. अशा पुस्तकांचं 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय भारतात २०१६ पासून आहे. कॉपीराइटची धास्ती बाळगायचं कारण नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं अपंग व्यक्तींसाठी पुस्तकाचं वाचता येईल अशा रूपात रूपांतर करायला मोकळीक दिली आहे.

डेझीच्या भानगडीत पडायचं नसेल तर गावठी उपाय आहे: एका मुद्द्याची एक फाइल, पाच मिनिटांच्या आत, आणि फाइलला नाव नीट. 'रेकॉर्डिंग ००७' असं नाव फोन वाचतो तेव्हा पोराला काय कळणार? '९ वी विज्ञान, गतीचे नियम, जडत्व' असं नाव असलं की निम्मं काम झालं. साध्या बोलण्याचं तासाभराचं रेकॉर्डिंग कमी दर्जात पंधरा एमबीच्या आत बसतं. बत्तीस जीबीचं मेमरी कार्ड दोन हजार तासांवर पुरतं, म्हणजे दहावीपर्यंतचं सगळं एका नखाएवढ्या तुकड्यात.

सूत्र कानाला कसं ऐकू येतं?

इथे खरी अडचण सुरू होते. मोठ्यानं म्हणा: "एक भागिले एक्स अधिक एक." आता सांगा, छेदात फक्त एक्स आहे की 'एक्स अधिक एक' हे सगळं? एक्सची किंमत १ धरली तर पहिल्या अर्थानं उत्तर २ येतं, दुसऱ्या अर्थानं अर्धा. फळ्यावर आडवी रेघ किती लांब आहे ते बघून डोळस मूल क्षणात ठरवतं. कानाला ती रेघ ऐकूच येत नाही.

रसायनात आणखी मजा. कोबाल्टची संज्ञा आणि कार्बन मोनॉक्साइडचं सूत्र दोन्ही कानाला 'सीओ'च. फरक एवढाच की पहिल्यात ओ लहान लिपीतला आहे आणि दुसऱ्यात मोठ्या. एक धातू, दुसरा जीव घेणारा वायू. स्क्रीन रीडरला अक्षर लहान-मोठं सांगायला लावता येतं, पण ते सेटिंग आहे हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं.

ही गाठ ज्यानं मुळापासून सोडवायला घेतली तो माणूस आपल्याच राज्यातला. टी. व्ही. रामन पुण्यात वाढले, किशोरवयात दृष्टी गेली, गणित शिकले, मग आयआयटी मुंबई आणि पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठ. तिथे १९९४ साली पीएचडीसाठी त्यांनी गणित बोलून दाखवणारी प्रणाली बनवली. तिच्यातली कल्पना कमालीची साधी आहे: घातांक आला की आवाजाची पट्टी चढते, पायाशी लिहिलेला अंक आला की उतरते. म्हणजे कागदावर जे वर-खाली लिहिलेलं असतं ते आवाजातही वर-खाली. आज वेबपानांवर गणित लिहायची मॅथएमएल नावाची पद्धत आहे. तिच्यात लिहिलेलं सूत्र स्क्रीन रीडरला तुकड्या-तुकड्यानं उलगडता येतं, आधी अंश, मग छेद, मग छेदातला कंस. चित्र म्हणून चिकटवलेलं सूत्र मात्र फोनसाठी कोरी जागा.

खेड्यातल्या शिक्षकाकडे हे काही नसलं तरी एक ठराव करता येतो. वर्गात सूत्र सांगताना 'छेद सुरू… छेद संपला', 'कंस सुरू… कंस बंद', 'मुळाखाली… मुळाबाहेर' असं न चुकता म्हणायचं. आठवडाभर जीभ अडखळते, मग सवय होते. याचा फायदा मागच्या बाकावर बसून फळा न दिसणाऱ्या डोळस पोट्ट्यांनाही होतो, हे वेगळं.

सेमी इंग्रजीचा घोळही इथेच सांगून टाकतो. वाक्य मराठी, संज्ञा इंग्रजी, असं पान आलं की फोनचा मराठी आवाज इंग्रजी शब्दाचं भजं करतो. अशा वेळी संज्ञा देवनागरीत टाइप केलेली बरी.

"बघा, हे इकडून तिकडे गेलं"

आकृतीशी आवाजाचं जमत नाही. प्रामाणिकपणे एवढंच म्हणता येतं.

मानवी हृदयाची आकृती शब्दांत सांगून बघा. डाव्या बाजूला उजवं अलिंद, मध्ये पडदा, इकडून शीर, तिकडून धमनी… तीन मिनिटांनी सांगणाऱ्याचाच गोंधळ उडतो. आकृतीचा सगळा अर्थ जागेत असतो: कोण कुणाच्या वर, कोण कुणाला चिकटून. जागा समजून घ्यायला डोळा नाही तर हात लागतो. आवाज त्या हाताला मदत करू शकतो, हाताची जागा घेऊ शकत नाही.

म्हणून उठावाच्या आकृत्या पाहिजेत. आयआयटी दिल्लीत अशा छापील आकृत्यांवर चांगलं काम झालं आहे. पण वाट बघत बसायची गरज नाही. पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून विद्युत परिपथ होतो, टिकल्यांचे इलेक्ट्रॉन होतात, रेक्झिनचा तुकडा आणि सँडपेपर यांनी दोन कप्पे वेगळे कळतात. वनस्पतींच्या धड्यात तर चित्र हवंच कशाला? जास्वंदाचं फूल हातात द्या, कपाशीचं बोंड उकलून सरकी काढू द्या, भिजवलेल्या हरभऱ्याची दोन दलं सुटी करून मधला कोंब चाचपू द्या. खरं तर डोळस मुलांनीही हेच करावं.

फोन इथे जोडीला येतो. पुठ्ठ्याच्या प्रत्येक भागाजवळ बोटाला कळेल असा ठिपक्यांचा आकडा लावायचा आणि त्याच आकड्याची छोटी ऑडिओ फाइल फोनमध्ये ठेवायची. हात तीनवर गेला की तिसरी फाइल: 'महाधमनी, इथून रक्त शरीराकडे जातं.' हात आणि कान एकाच वेळी.

आणि फुकटातला एक बदल आहे, ज्याला उपकरण लागत नाही. शिक्षकाच्या तोंडातून 'हे', 'इथे', 'असं', 'इकडून तिकडे' हे शब्द जितके कमी येतील तितकं बरं. 'हे असं वाकतं' यातून अंध मुलाला शून्य कळतं. 'किरण हवेतून काचेत शिरताना लंबाकडे वाकतो' यातून सगळं कळतं. स्वतःचा एक तास फोनवर रेकॉर्ड करून डोळे मिटून ऐकला, तर आपण किती वेळा 'हे' म्हणतो ते ऐकून लाज वाटते. पण औषध लागू पडतं.

आलेख ऐकता येतो?

येतो, आणि वाटतं त्याहून सहज. आकड्यांचं आवाजात रूपांतर करायला सोनिफिकेशन म्हणतात. ते आपल्या ओळखीचंच आहे. किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर टिकटिक करतो, टिकटिक वाढली की धोका वाढला. आकड्याकडे बघावं लागत नाही.

आलेखात डावीकडून उजवीकडे जाणं म्हणजे वेळ पुढे सरकणं, आणि रेषा वर चढणं म्हणजे स्वर चढणं, एवढा नियम धरला की पुरे. स्थिर वेगाच्या वस्तूचा वेग-काल आलेख म्हणजे एकच लांब सूर. एकसारखं त्वरण असेल तर सूर एकसारखा चढतो. चेंडू वर फेकला तर त्याच्या उंचीचा आलेख आधी चढणारा, वर गेल्यावर रेंगाळणारा, मग उतरणारा आवाज देतो. डेस्मॉस नावाच्या फुकट ग्राफिंग कॅल्क्युलेटरमध्ये ही सोय आहे. रेषा अक्षाच्या खाली गेली की आवाजात खरखर मिसळते, म्हणजे ऋण किंमतही कळते.

ही मुलांसाठीची तात्पुरती सोय आहे असं कुणाला वाटेल. पोर्तो रिकोच्या खगोलशास्त्रज्ञ वांडा डियाझ-मर्सेड यांची दृष्टी शिकत असतानाच गेली. ताऱ्यांच्या स्फोटांची आकडेवारी त्यांनी आवाजात बदलून अभ्यासली, आणि आलेखात डोळ्यांना न दिसलेल्या गोष्टी कानाला सापडतात हे दाखवून दिलं. गोंगाटातून बारीक सूर वेचण्यात कान डोळ्याच्या मागे नाही.

हंडा भरत आल्याचं कसं कळतं?

नळाखाली हंडा लावून बाई आत निघून जाते. पाठमोरी असूनही बरोबर वेळेवर परत येऊन नळ बंद करते. तिला हंडा दिसत नाही, ऐकू येतो. पाणी वर येतं तसा आवाज बारीक होत जातो, कारण आत उरलेली हवा कमी कमी होते, आणि थोडी हवा जलद कंप पावते. या एका हंड्यात नववी-दहावीचं निम्मं ध्वनीचं प्रकरण आहे.

हंड्याचा गळा अरुंद, पोट मोठं, त्यामुळे हिशेब किचकट होतो. बोअरचं काम झाल्यावर उरलेला पीव्हीसी पाइप घ्या, साधारण ४० सेंटिमीटरचा, एक टोक बंद. उघड्या तोंडावर बासरीवाल्यासारखी आडवी फुंकर मारली की सूर निघतो. तोंड वर करून पाइप निम्मा पाण्यानं भरा, परत फुंका. हवेचा स्तंभ निम्मा झाला, कंपनांची संख्या जवळपास दुप्पट झाली. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर आधी सुमारे २१० हर्ट्‌झ, नंतर सुमारे ४२०.

आता गंमत बघा. हा फरक म्हणजे एक सप्तक. खालचा सा आणि वरचा सा. खंजिरी भजनात बसणाऱ्या मुलाला तो ऐकताक्षणी ओळखू येतो, वर्गातल्या डोळस हुशार पोराच्याही आधी. 'संगीत देऊन द्या' म्हणून ज्याला विज्ञानाबाहेर काढलं, त्याच्या कानात वारंवारतेचं प्रकरण आधीच तयार होतं. सूर जुळवायची बरीच अ‍ॅप हर्ट्‌झचा आकडा सांगतात, म्हणजे कानानं ओळखलेलं आकड्यानं पडताळता येतं.

माझ्या मते फोनचं विज्ञानशिक्षणातलं खरं मोल इथे आहे. वाचून दाखवणं ही त्याची दुय्यम कामगिरी. त्याच्या पोटात वेग बदललेला कळणारा संवेदक आहे, बहुतेक फोनमध्ये चुंबकत्व मोजणारा आहे, प्रकाश मोजणारा आहे, मायक्रोफोन तर आहेच. ज्या प्रयोगशाळेत काटा, पातळी, रंग सगळं डोळ्यानं बघावं लागतं, तिथे हा एकच डबा आकडा काढतो आणि बोलूनही दाखवतो. जर्मनीतल्या आखनच्या विद्यापीठानं २०१६ मध्ये काढलेलं फायफॉक्स हे फुकट अ‍ॅप या सगळ्या संवेदकांपर्यंत पोचू देतं.

त्यातला एक प्रयोग शाळेच्या मैदानावर होतो. दोन मुलं एकमेकांपासून १० मीटरवर उभी करा, प्रत्येकाजवळ एक फोन, दोन्हींत आवाजानं सुरू आणि आवाजानं बंद होणारं स्टॉपवॉच. पहिल्यानं टाळी वाजवली की त्याचा फोन लगेच सुरू होतो, दुसऱ्याचा थोड्या उशिरानं, कारण टाळीला तिथवर पोचायला वेळ लागतो. मग दुसरा टाळी वाजवतो. त्याचा फोन लगेच थांबतो, पहिल्याचा उशिरानं. दोन फोनांच्या वेळेत जो फरक राहतो तो म्हणजे आवाजाला २० मीटर जायला लागलेला वेळ, साधारण ०.०५८ सेकंद. २० ला त्यानं भागलं की ध्वनीचा वेग आला. यात डोळ्याचं काम कुठेच नाही.

विदर्भात याला आणखी एक फाटा फोडता येतो. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो, दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर. डिसेंबरातल्या १० अंशांच्या सकाळी तो ३३७ च्या आसपास असतो, मे महिन्यात ४५ अंशांवर ३५८. एवढा फरक दहा-वीस वेळा मोजून सरासरी काढली तर पकडता येण्याजोगा आहे. कोकणातल्या शाळेला ही चैन नाही.

एक सूचना मात्र लक्षात ठेवा. टॉकबॅक चालू असलेल्या फोनला इअरफोन लावा. नाहीतर फोन स्वतःच बोलतो, ते बोलणं ऐकून स्टॉपवॉच थांबतं, आणि वर्गात हशा पिकतो.

चुंबकाचंही तसंच. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे चाळीस-पंचेचाळीस मायक्रोटेस्ला भरतं. फोनजवळ चुंबक आणला की आकडा उसळतो. वीजवाहक तारेजवळ होकायंत्राची सुई हलते हे १८२० मध्ये अर्स्टेडनं पाहिलं. अंध मूल तेच आकडा ऐकून अनुभवू शकतं.

आणि जाळ, अ‍ॅसिड, त्याचं काय?

धास्ती खरी आहे, पण ती सगळ्याच मुलांसाठी खरी आहे. द्रव मोजायला बिनसुईची सिरिंज वापरतात, तिच्या दांड्याला ठरावीक मापावर खाच पाडलेली असते, ती बोटाला लागते. जोडीदार असतो. ज्योतीऐवजी विजेची शेगडी चालते. आम्ल-आम्लारी ओळखायचे रंग बदलणारे दर्शक अडचणीचे वाटतात, पण वासाचे दर्शकही असतात, आणि ते एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात दिलेले आहेत: कांद्याचा वास आम्लात टिकतो, आम्लारीत जातो. इथे फोनही नको, नाक पुरतं.

मग ब्रेल कशाला शिकायचं?

कारण ऐकून ऐकून शिकलेल्या मुलाला शब्द येतो, त्याची अक्षरं येत नाहीत. 'संप्लवन' लिही म्हटलं की अडतं. समीकरण सोडवताना आधीची ओळ समोर असावी लागते, आवाज तर म्हणता म्हणता विरून जातो. सहा ठिपक्यांच्या ब्रेलमध्ये ६३ खुणा होतात, त्यांत मराठीही लिहिता येतं आणि गणितही. गणिताची एक ब्रेल पद्धत अब्राहम नेमेथ या अंध गणितज्ञानंच बनवली, १९५२ साली ती प्रसिद्ध झाली. फोन आल्यापासून ब्रेल मागे पडतंय अशी तक्रार अंध शाळांतले जुने शिक्षक करतात, आणि विज्ञानापुरतं तरी मला त्यांचं म्हणणं पटतं.

एआय आलंय, ते आकृती सांगेल ना?

सांगतं. 'बी माय आइज' हे अ‍ॅप २०१५ मध्ये आलं तेव्हा कॅमेऱ्यापलीकडे डोळस स्वयंसेवक असायचा. २०२३ पासून त्यात एआयनं केलेलं वर्णनही मिळतं. पाटी, पाकीट, औषधाची बाटली यासाठी उत्तम. पण विज्ञानाच्या आकृतीत ते कधी कधी ठाम आवाजात चुकीचं सांगतं. समांतर जोडणीला एकसर म्हणालं तर ऐकणाऱ्याला शंका घ्यायला जागाच नसते. म्हणून एआयनं सांगितलेलं वर्गमित्राकडून पडताळून घ्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

स्मार्टफोनच नसेल, किंवा नेटवर्क नसेल तर?

बटणाचा फोनही कामाचा आहे. ठरावीक नंबरला फोन लावायचा, 'गणितासाठी एक दाबा, विज्ञानासाठी दोन दाबा' असं ऐकून धडा ऐकायचा. गॅस बुकिंगला आपण हेच करतो. मध्य भारतातल्या आदिवासी भागात 'सीजीनेट स्वर' ही फोनवरून बातम्या सांगण्या-ऐकण्याची सेवा २०१० पासून याच तत्त्वावर उभी राहिली. विज्ञानाच्या पाच-पाच मिनिटांच्या धड्यांना ही रीत चपखल बसते. स्मार्टफोनसाठी दिव्यांगांना साहित्य देणारी केंद्राची अ‍ॅडिप योजना आहे. तिच्या शिबिरांत साहित्य मिळवायला दिव्यांगत्वाचं ओळखपत्र आधी काढून ठेवावं लागतं. शिबिराची तारीख गावात उशिरा कळते, म्हणून गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांचा नंबर आपल्याकडे असावा.

मोबाइल हातात आला की पोरगं रील ऐकत बसेल, हा आक्षेपही आहे. बसेल. बाकीचीही बसतात.

शिकला, पण परीक्षा आणि पुढे?

परीक्षेत लेखनिक मिळतो आणि केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान २० मिनिटं जादा. केंद्रीय मंडळाच्या प्रश्नपत्रिकेत आकृतीच्या प्रश्नाला पर्यायी प्रश्न असतो. लेखनिकाला सूत्र सांगताना वर म्हटलेला 'छेद सुरू, छेद संपला'चा ठरावच कामी येतो. विज्ञान न शिकलेल्या लेखनिकासोबत महिनाभर आधी सराव केला नाही, तर येणारं उत्तरही कागदावर उतरत नाही.

पुढचं दार आधी बंदच होतं. आंध्रातल्या खेड्यातल्या श्रीकांत बोल्ला यांना दहावीनंतर विज्ञान शाखा नाकारली गेली, त्यांनी न्यायालयात जाऊन ती मिळवली, ध्वनिमुद्रित नोट्सवर अभ्यास करून बारावीला ९८ टक्के काढले आणि अमेरिकेतल्या एमआयटीत शिकले. दिल्लीचे कार्तिक साहनी यांनाही केंद्रीय मंडळाशी झगडून विज्ञान घ्यावं लागलं. ते पुढे स्टॅनफर्डला गेले. जीवशास्त्रात गीरात वर्मे हे अंध शास्त्रज्ञ केवळ बोटांनी शंख-शिंपले चाचपून उत्क्रांतीचा अभ्यास करत आले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सर्वसमावेशक शिक्षणाची जबाबदारी शाळांवर टाकली आहे, तेव्हा 'आमच्याकडे सोय नाही' हे उत्तर आता कायद्यात बसत नाही.

सुरुवात कुठून?

शिक्षकानं स्वतःच्या फोनवर टॉकबॅक सुरू करून. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, तिथे टॉकबॅक. सुरू होताच फोन अनोळखी वागू लागेल. एका टिचकीनं काही उघडणार नाही, ती फक्त नाव सांगेल. उघडायला दोन टिचक्या लागतात. पान वर-खाली करायला दोन बोटं. आवाजाचा वेग आधी कमी ठेवा. पहिल्यांदा वापरणारे बहुतेक जण दोन मिनिटांत घाबरून पोराला हाक मारतात. बंद करायला परत तिथेच जायचं, टॉकबॅकच्या बटणावर एकदा टेकवायचं, मग दोनदा टिचकी. तेवढं जमलं की पुढचा धडा युनिकोडमध्ये टाइप करून त्याच फोनवर ऐकून बघायचा. कुठली संज्ञा फोन चुकीची उच्चारतो ते तिथेच कळतं, आणि मुलाकडे पाठवण्याआधी दुरुस्त करता येतं.